मोठ्याने वाचून दाखवायला चांगली पुस्तकं सुचवा (आणि गेल्या पाच महिन्यांत आम्ही काय काय वाचलं)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, प्रश्न अगदी शेवटी आहे, तेव्हा सवड असेल तर पूर्ण वाचा.

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यात जमा आहेत, उजेड-अंधार कळतो, समोर कोणी उभं आहे एवढं कळतं, पण अक्षर दिसत नाही. सातवी फायनल झालेल्या, पण वाचन म्हणाल तर आमच्या घरात सगळ्यांत जास्त त्यांचं. लग्न होऊन मी कराडला आले तेव्हापासून बघतेय, दर शनिवारी वाचनालयात जाऊन दोन पुस्तकं बदलून आणायच्या, आणि दिवाळी अंकांसाठी भिशीसारखे पैसे बाजूला ठेवायच्या. गेल्या दिवाळीत मी सवयीने एक अंक आणला तर त्या तो हातात घेऊन नुसत्या पानं उलटत बसल्या होत्या, वास घेत होत्या. मला ते बघवेना. त्याच रात्री म्हटलं, आई, मी वाचते, तुम्ही ऐका. तेव्हापासून रोज जेवणं आवरली की साडेआठ ते साडेनऊ आमचं वाचन असतं, लाइट गेली तर मोबाइलच्या उजेडात, पण खंड नाही.

मी स्वतः कॉलेजपासून हाताला लागेल ते वाचत आले, पण मोठ्याने वाचायला लागल्यावर पुस्तकं वेगळीच कळायला लागली. मनात वाचताना डोळा पुढे पळतो, कंटाळवाणं पान आपण नकळत गाळतो. मोठ्याने वाचताना काहीच गाळता येत नाही, लेखकाचं वाक्य कुठे लांबलंय, कुठे त्याला स्वतःलाच नीट माहीत नाहीये ते थेट आपल्या घशाला कळतं.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रेपासून केली, त्यांचं आत्मचरित्र. वाचनालयाची जुनी प्रत, मागे तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी, आणि मधेमधे कोणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात 'खरं आहे' असं लिहिलेलं, पूर्ण पुस्तकात सात-आठ ठिकाणी फक्त तेवढेच दोन शब्द. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्याचा धसका घेऊन वडिलांच्या डोक्यात सोवळं असं काही बसलं की घरात मीठसुद्धा धुवून घ्यायचं. हे वाचलं आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, "थांब. आमच्या वाईच्या आत्या पैसे धुवायच्या. नाणी धुवायच्या ते ठीक, पण नोटा धुवून दोरीवर वाळत घालायच्या." एवढ्या वर्षांत ही आत्या मी कधी ऐकली नव्हती. मग रोज असंच, एक पान पुस्तकातलं आणि एक पान यांच्याकडचं.

लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तो भाग आला तेव्हा मात्र त्यांनी हात वर करून वाचन थांबवायला सांगितलं. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेताना म्हणाल्या, "नवरा गेला असता तर रडता आलं असतं गं, हिला धड तेही नाही." आणि रात्री साडेआठच्या आधीच येऊन बसल्या. मला या पुस्तकाबद्दल सगळ्यांत नवल वाटतं ते हे की त्या बाईचं एकही वाक्य वाचताना दम लागत नाही. जेमतेम लिहा-वाचायला शिकलेली बाई, टिळकांनी शिकवलं तेही तुकड्यातुकड्याने, आणि टिळकांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन हे काव्य तिने पुढे नेलं, चौसष्ट अध्याय. मी पहिल्यांदा कॉलेजात वाचलं तेव्हा हसले होते खूप, या वेळी तिचं शहाणपण जास्त दिसलं.

नंतर विष्णुभट गोडसे वरसईकरांचं माझा प्रवास. पेणजवळच्या वरसईचा भटजी, डोक्यावर कर्ज, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर निघतो आणि नेमका बंडात सापडतो. झाशीचा वेढा आतून बघितलेला माणूस आहे हा. राणीचा ग्रंथसंग्रह कसा नष्ट झाला ते तो ज्या हळहळीने सांगतो ते वाचताना माझाच आवाज बारीक झाला. आणि काळपीच्या वाटेवरचा तो विहिरीचा प्रसंग! राणी घोड्यावरून धुळीने माखून येते, तहानलेली, हा पाणी शेंदून द्यायला पुढे होतो तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही शेंदू नका, आणि स्वतः मडक्याने पाणी काढून ओंजळीने पिते. मग म्हणते की माझं पोट ते केवढं, मला अर्धा शेर तांदूळ पुरले असते. सासूबाईंनी ते पान तीनदा वाचायला लावलं. पुस्तकातून राणीचा पुतळा पुष्कळांनी उभा केलाय, पण ही पाणी पिणारी बाई या भटजीमुळेच आपल्याला दिसते. शेवटी कित्येकदा लुटला जाऊनही तो गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो आणि आईवडिलांना त्या पाण्याने आंघोळ घालतो, तिथे आमच्या दोघींचंही बोलणं बंद. (कोणी वाचणार असाल तर मूळ मोडी हस्तलिखितावरून १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी काढलेली संहिता बघा, १९०७ ची जी पहिली आवृत्ती आहे ती चिंतामणराव वैद्यांनी बरीच बदललेली आहे.)

मग वाटलं ऐतिहासिकच चालू ठेवू म्हणून विश्वास पाटलांचं पानिपत घेतलं. माझं कॉलेजातलं लाडकं पुस्तक, एका सुट्टीत रात्र-रात्र जागून वाचलेलं. मोठ्याने वाचताना मात्र अडकलो. संवाद एवढे चढ्या आवाजातले आहेत की दहा पानांत घसा बसतो, आणि सासूबाई म्हणाल्या, "सगळे एकसारखंच बोलतात की गं." शंभरेक पानांवर ठेवून दिलं. वाईट वाटलं मला.

विश्राम बेडेकरांचं रणांगण, १९३९ चं, छोटंसं, चार रात्रींत संपलं. बोटीवर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा. शेवट सांगत नाही. आमच्याकडे संपल्यावर पंधरा मिनिटं कोणी लाइट बंद करायला उठलं नाही एवढंच सांगते.

नारळीकर सर मे २०२५ मध्ये गेले, त्यानंतर वाचनालयाने त्यांची पुस्तकं वेगळ्या टेबलावर मांडली होती, तिथून चार नगरांतले माझे विश्व आणलं. मला वाटलं होतं विज्ञान आलं की आई कंटाळतील. उलट बनारसचा भाग त्यांनी अगदी लहान मुलासारखा ऐकला. घरातल्या फळ्यावर मोरूमामा गणिताचं कोडं लिहून ठेवायचे आणि भाच्याला ते सुटेपर्यंत ते फळ्यावर तसंच राहायचं, हे त्यांना एवढं आवडलं की आता आमच्या फ्रिजवरच्या छोट्या पांढऱ्या बोर्डावर नातवासाठी रोज एक कोडं असतं, सांगतात त्या, लिहिते मी.

नंदा खरेंची उद्या मी एकटीने वाचली. एक-दोन पानं मोठ्याने वाचून बघितली पण ती कादंबरी एवढ्या दिशांनी एकदम चालते, माणसांवरची पाळत, कंपन्या, आकडे, की ऐकणाऱ्याला धागा पकडता येत नाही. पण पुस्तक म्हणून मला या वर्षात सगळ्यांत हादरवलं ते यानेच. २०१४ चं पुस्तक आहे आणि दर दुसऱ्या पानावर वाटतं की हे तर आपण आत्ता जगतोय. साहित्य अकादमी मिळाला तर त्यांनी घेतला नाही, २००० सालापासून पुरस्कार घेणंच थांबवलं होतं म्हणून.

आणि हो, रुचिरा! मधे एक आठवडा त्यांना बरं नव्हतं, गोष्ट नको म्हणाल्या, मग मी सहज ओगलेबाईंचं रुचिरा काढून पाककृती वाचायला लागले. वाटी-चमच्याची मापं ऐकत डोळे मिटून पडून होत्या. मधेच, "गूळ कमी सांगितलाय, पाऊण वाटी घाल." ताप उतरल्यावर तेच करून घातलं.

तर प्रश्न असा: यापुढे काय वाचू? अट एकच, मोठ्याने वाचताना कानाला गोड लागलं पाहिजे. कादंबरी, आत्मचरित्र, प्रवास, निसर्ग, काहीही चालेल. तुमच्या घरी कोणी असं वाचून दाखवत असेल तर अनुभव पण लिहा.

---

धानपट्टा

ताई, काय सुंदर लिहिलंय तुम्ही. मी गोंदियाकडचा. डोळे झाकून मारुती चितमपल्ली आणा. रानवाटा पासून सुरुवात करा, लहान लहान लेख आहेत, एका रात्रीत एक बरोबर बसतो. मग चकवाचांदण, ते आत्मचरित्र, जाडजूड आहे पण तुमच्या साडेआठच्या तासाला तीन महिने पुरेल.

माझे आजोबा नवेगाव बांधच्या बाजूच्या गावातले, त्यांना शेवटच्या आजारपणात मी हीच पुस्तकं वाचून दाखवली. मूळ सोलापूरचा माणूस, नोकरीत ३६ वर्षं रानात काढली, आणि तिथल्या ढीवर, गोंड लोकांजवळ बसून पाखरांची, झाडांची, माश्यांची नावं विचारून घेतली. नवेगावच्या माधवराव पाटलांबद्दल ते लिहितात ना, ते वाचताना आजोबा मान हलवायचे, की हो, असंच बोलत ते. पुस्तकात आपल्या ओळखीचा माणूस भेटणं म्हणजे काय ते मी तेव्हा बघितलं.

आणि शब्द! बगळे, करकोचे यांच्या वसाहतीला त्यांनी सारंगागार म्हटलं, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार. हे शब्द मोठ्याने म्हणून बघा एकदा. मनात वाचताना नुसता अर्थ कळतो, तोंडाने म्हटलं की पूर्ण झाड पक्ष्यांनी भरल्यासारखं वाटते. जून २०२५ मध्ये सर गेले. नारळीकर सर मे मध्ये, हे जून मध्ये, आम्हा वाचणाऱ्यांसाठी तो उन्हाळा फार वाईट होता.

---

माणदेशी_मास्तर

ताई, मी निवृत्त शिक्षक. माण तालुक्यात तीस वर्षं शाळेत होतो. तुम्हाला बनगरवाडी सुचवतो, व्यंकटेश माडगूळकर, १९५५ साल. वाचली असेलच तुम्ही, पण मोठ्याने वाचलीय का?

मी दर वर्षी सातवीच्या वर्गाला शनिवारी शेवटच्या तासाला वाचून दाखवायचो. वर्गात निम्मी पोरं धनगरांची. पुस्तकातला मास्तर वाडीवर येतो तेव्हा शाळेत पोरंच नसतात कारण पोरं मेंढरामागं, आणि माझ्या वर्गातसुद्धा दिवाळीनंतर तीन-चार बाकडी रिकामी व्हायची, मेंढरं घेऊन घरचे खाली कोकणात उतरायचे म्हणून. एक पोरगा होता, आयबूचा भाग आला की पुढं सरकून बसायचा. एकदा शेवटची प्रकरणं वाचली, दुष्काळ पडतो, मेंढरं मरायला लागतात, वाडी उठते. तो पोरगा तास संपल्यावर माझ्याजवळ आला आणि विचारलं, गुरुजी, मग परत आली का माणसं? मी म्हटलं पुस्तकात नाही लिहिलेलं. तो म्हणाला, येत्यात. पाऊस पडला की येत्यात. आमची आलीती.

माडगूळकरांची वाक्यं लहान आहेत, जितकं दिसलं तितकंच सांगतात, त्यामुळं ऐकणाऱ्याला चित्र बघायला वेळ मिळतो. आईंना नक्की आवडेल.

एका बाबतीत मात्र माझं वेगळं मत आहे. पानिपत तुम्ही फार लवकर ठेवलंत. ती कादंबरी एका दमात तासभर वाचायची नाही, वीस मिनिटं वाचायची, आणि आधी भाऊसाहेबांच्या बखरीतले चार उतारे वाचून घ्यायचे. म्हणजे ती चढी भाषा कुठून आली ते कानाला कळतं. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची ती बातमी कशी आली आठवा: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. लाखभर माणसाचं दुःख व्यापाऱ्याच्या हिशेबात घालून सांगितलंय. मराठी माणूस असाच बोलायचा. पाटलांनी तो ताल घेतलाय. आणखी पन्नास पानं द्या त्याला, एवढी विनंती.

---

कृष्णाकाठची

@माणदेशी_मास्तर गुरुजी, 'येत्यात' वाचून अंगावर काटा आला. बनगरवाडी मी दोनदा वाचलीय पण मनात. उद्याच आणते. पानिपतबद्दल तुमचं म्हणणं पटलं अर्धं, बखरीचा ताल तिथे आहे हे खरंय, पण बखर दोन ओळीत जे सांगते त्याला कादंबरी दोन पानं घेते असं मला मोठ्याने वाचताना वाटलं. तरी तुमच्या शब्दाखातर परत काढते, वीस-वीस मिनिटांनी.

@धानपट्टा दादा, सारंगागार मी आत्ता स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून बघितलं, मुलगा विचारतोय काय झालं :)

---

खापराचा_मांडा

जळगावकडून. बहिणाबाईंना विसरू नका! सगळे म्हणतात शाळेत चार कविता होत्या, माहीत आहेत. पुस्तक सलग वाचा, मग कळेल. या बाईला लिहिता येत नव्हतं हो, दळताना, कांडताना, शेतात काम करताना जे सुचायचं ते म्हणायची, मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी उतरून घेतलं म्हणून राहिलं, १९५१ ला त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट. म्हणजे मुळात ही कविता कागदावर नव्हतीच, आवाजातच होती, तुम्ही मोठ्याने वाचताय म्हणजे तिला तिच्या जागी परत नेताय.

फक्त एक करा. उच्चार सुधारू नका. आमच्याकडे ळ चा य होतो, 'डोया' म्हणतात, 'काया' म्हणतात. पुण्याकडचे लोक वाचताना त्याचं डोळा, काळा करून टाकतात आणि मग यमकच मोडतं. माझी आजी लेवा बोली बोलायची. ती गेल्यावर घरात आता कोणी तसं बोलत नाही, मी पुस्तक काढतो आणि मोठ्याने वाचतो तेव्हा तेवढा वेळ ती बोली आमच्या घरात असते.

---

तिकडचा_पाऊस

मी मेलबर्नला असते, आई ठाण्याला. तुमच्यासारखंच, फक्त व्हिडिओ कॉलवर. तिच्या सकाळी सात वाजता माझं लंच होतं, मी ऑफिसच्या खाली बाकावर बसून वाचते आणि ती तिकडे चहा पीत ऐकते, दोन वर्षं झाली.

दि. बा. मोकाशींचं पालखी सुचवते. रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस, एका वर्षी उठून आळंदीहून पंढरपूरपर्यंत पालखीबरोबर चालतो आणि बघितलं ते लिहितो. भक्त म्हणून जात नाही, टीका करायला पण जात नाही. पाय दुखतात, झोपायला जागा कुठे मिळेल याची चिंता, कोणाची भाकरी, कोणाची भांडणं, आणि मधेच एखादा म्हातारा असं काही बोलून जातो की आपण थांबतो. आम्ही जूनमध्ये सुरू केलं आणि जसजशी खरी पालखी पुढे सरकायची तसतसे आम्ही पुस्तकात सरकायचो, एक दिवस एक मुक्काम. माझ्या आईला गुडघ्यांमुळे वारी कधी जमली नाही. लोणंदला पोचलो तेव्हा ती म्हणाली आज पाय फार दुखतायत. तिने हे अगदी सहज म्हटलं. मला तिकडे ऑफिसच्या खाली बसून रडू आलं.

स्टोरीटेलवर पण पुष्कळ मराठी पुस्तकं आहेत, चांगले आवाज आहेत, दुपारी एकट्या असतील तेव्हा लावून द्या. पण मधे "थांब" म्हटल्यावर थांबणारं माणूस लागतंच.

---

पाल_उठलं

सगळ्यांचं वाचलं. चांगलं आहे. पण एक विचारू का ताई, राग मानू नका. तुमच्या यादीत रणांगणमधली ज्यू मुलगी आहे, झाशीची राणी आहे, पण तुमच्याच सातारा जिल्ह्यातला, फलटण भागातला लक्ष्मण माने नाही. उपरा, १९८० चं पुस्तक, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळाला. कैकाडी समाजाचं बिऱ्हाड गाढवावर टाकून गावोगाव फिरणं, बुट्ट्या विणून विकणं, शाळेत पोराला बाहेर बसवणं, आणि ज्या बापाकडं दोन वेळचं खायला नाही तो हट्टाने म्हणतो पोरगं शिकलं पाहिजे.

मी ते पुस्तक अकरावीत वाचलं. त्याआधी मला वाटायचं पुस्तकं दुसऱ्यांच्या घरातली असतात, त्यात वाडा असतो, माजघर असतं. उपरामध्ये पाल होतं, उघड्यावर ठोकलेलं कापडाचं घर, आमच्या पालासारखं. मी ते माझ्या आईला वाचून दाखवलं होतं. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, हे त्याला कुणी सांगितलं? मी म्हटलं त्याचंच आहे. ती म्हणाली, मग आपलं बी लिही.

तुमच्या सासूबाईंना ऐकवून बघा. त्यांना आवडेल की नाही मला माहीत नाही. पण त्यांच्या दारात आमची माणसं नक्की आली असतील.

---

कृष्णाकाठची

@पाल_उठलं दादा, राग कशाचा. तुम्ही बरोबर बोललात. उपरा मी वाचलंय, वीस वर्षांपूर्वी, आणि आईंना वाचून दाखवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, का आलं नाही ते मी दोन दिवस विचार करतेय. मला वाटत होतं या वयात त्यांना त्रास कशाला. पण त्यांच्या कानाला काय सोसेल ते मीच परस्पर ठरवत होते, हे चूक होतं. आणते.

---

धानपट्टा

ताई, वाचून झालं की इथे लिहा नक्की. वाट बघतो.

---

कृष्णाकाठची

तीन आठवडे झाले, लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं.

बनगरवाडी झाली. मेंढरांचे भाग ऐकताना आई अगदी खूश. गुरुजी, शेवट वाचल्यावर मी त्यांना तुमच्या त्या विद्यार्थ्याचं सांगितलं. "येत्यातच की," म्हणाल्या लगेच, जणू त्यालाच उत्तर दिलं. पानिपत वीस मिनिटांच्या हिशेबाने परत चालू आहे, आता बरं जातंय, घसा पण टिकतोय. बहिणाबाई सकाळी फुलवाती वळताना, आणि उच्चार मी नाही सुधारत, उलट आईच मला सुधारतात, त्यांच्या माहेरी खानदेशातली एक शेजारीण होती म्हणे. पालखी पुढच्या ज्येष्ठात, रोज एक मुक्काम, ते ठरवूनच टाकलंय.

आणि उपरा.

पहिल्या दिवशी त्या गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी शाळेचा भाग, त्यानेही गप्प. मला वाटलं आवडत नाहीये, विचारलं, थांबवू का? "वाच." कैकाडी बोलीतला शब्द आला की मी अडखळायचे, तर म्हणायच्या दोनदा म्हण, कळेल. लग्नानंतर जातपंचायत बसते तो भाग आला त्या रात्री साडेनऊ वाजून गेले तरी त्यांनी थांबू दिलं नाही, मीच पावणेअकराला पुस्तक मिटलं.

परवा संपलं. मी चष्मा काढून ठेवला. त्या कॉटवर बसल्या होत्या, हाताने चादरीची किनार चाचपत होत्या. मग सांगायला लागल्या. माहेरी त्यांच्या दारात दर वर्षी सुगीच्या आधी एक कैकाडीण यायची, डोक्यावर बुट्ट्यांची उतरंड, कडेवर पोर. त्यांच्या आई ओटीवर बसून भाव करायच्या, दोन बुट्ट्यांना पायलीभर जोंधळे आणि शिळी भाकरी. बुट्टी अशी विणायची की त्यात पाणी ठेवलं तरी गळू नये. सात-आठ वर्षं तीच बाई येत होती. आईंना तिचा चेहरा आठवतो, कपाळावरचं गोंदण आठवतं, हाताची बोटं चिरलेली असायची ते आठवतं. त्या बुट्ट्यांमधली एक लग्नानंतर त्यांच्याबरोबर कराडला आली, मी स्वतः तिच्यात कांदे ठेवलेत, दोन हजार पाच-सहाच्या पावसाळ्यात कुजली म्हणून टाकून दिली.

"तिचं नाव काय होतं गं?" असं मला विचारलं त्यांनी. मला कसं माहीत असणार. मग स्वतःशीच म्हणाल्या, "कैकाडीण आली, असंच म्हणायचो. पोराला पण नाव असेल."

काल रात्री साडेआठला मी पानिपत घेऊन बसले तर म्हणाल्या ते राहू दे, कालचं पुस्तक परत दिलं का? म्हटलं नाही, शनिवारपर्यंत आहे. "मग पहिल्यापासून घे."